चढलेली पांढरी पाच

गिटारला हात लावलेला नव्हता, तारा गप्प होत्या, तरी अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून, 'हंऽऽऽ' येत होता. मी पेडलबोर्डसमोर (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे म्हणजे पेडलं, आणि ती मांडलेली ही फळी) पालथा पडून वायरी हलवत होतो. आई दारात आली, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "पांढरी पाच आहे रे. पण जरा चढलीय." आणि गवार मोडायला परत गेली.

आईचं अर्धं आयुष्य तंबोऱ्याशेजारी गेलंय, म्हणून तिचं बोलणं मी पडताळून पाहिलं. पांढरी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, आणि चढलेली म्हणजे तिच्यापेक्षा किंचित वरचा सूर. असा हंऽऽऽ बहुधा विजेचाच असतो आणि आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, म्हणजे 50 हर्ट्झ. खाली खर्जातली पांढरी पाच 49 हर्ट्झची आणि तिच्या पुढची काळी चार जवळपास 52ची. आईचं बरोबर होतं. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असते, म्हणजे तिकडचे गिटारवाले काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी वैतागत असणार.

पण हाच सूर एक सप्तक वर, 100 हर्ट्झवर असेल तर संशय बहुधा पेडलांना वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरवर घ्यायचा. विजेच्या लाटेच्या दोन्ही बाजू एकीकडे वळवताना हेलकावे दुप्पट होतात आणि ते सपाट करायला बसवलेला कपॅसिटर म्हातारा झाला की उरलेली लहर थेट पेडलमध्ये उतरते. हे कानाने ओळखायला मला दोन रविवार लागले. आईला विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

खात्रीचा उपाय मात्र अगदी साधा आहे. मल्टीमीटर उघडला, त्यातली 9 व्होल्टची बॅटरी काढली आणि ओव्हरड्राइव्हला, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलला, लावली. बाकी पेडलं बाजूला, अडॅप्टर बंद. हंऽऽऽ जवळजवळ गायब! मग एकेक पेडल परत जोडत गेलो. डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) जोडला आणि हंऽऽऽ हजर, वर एक बारीक शीळही.

दोष माझ्या कंजूषपणाचा. एकाच अडॅप्टरवर पाच पेडलांची माळ लावली होती. ओव्हरड्राइव्हची भूक दहा मिलिअँपच्या आत, डिलेची काही शे. सोसायटीत एकाने पाण्याच्या पाइपला पंप लावला की बाकीच्यांचे नळ गुरगुरतात, तसलं हे. शिवाय पेडलांची ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, दोन वाटांनी जोडली जाते, एकदा माळेच्या वायरीतून आणि पुन्हा सिग्नलच्या केबलवरच्या जाळीतून. झाला फेरा पूर्ण, आणि त्यातूनही हंऽऽऽ आत शिरतो. प्रत्येक पेडलला वेगळी, एकमेकींना न शिवणारी वीज देणारे सप्लाय मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, डिलेपुरता एक स्वतंत्र अडॅप्टर घेऊन आलो.

तोवर वायरमनला अर्थिंग तपासायला बोलावून ठेवलं होतं. त्याने बोर्ड उघडला आणि हसला. "साहेब, तिसऱ्या भोकाला वायरच नाही." इतकी वर्षं आम्ही ऐटीत तीन पिनेचा प्लग खुपसत होतो. आता वायर आली आहे. (हंऽऽऽ जावा म्हणून अँपची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. आत काही बिघडलं तर 230 व्होल्ट तुमच्या बोटांत येतील.)

एवढं झाल्यावरही एक करकर उरलीच. पण हिची तऱ्हा वेगळी. मी खुर्चीत फिरलो की कमीजास्त व्हायची; खिडकीकडे तोंड केलं की जवळजवळ बंद. म्हणजे ती पेडलांतून येत नव्हती, गिटारचा पिकअपच (तारांची थरथर पकडणारं चुंबकाभोवतीचं वेटोळं) हवेतून झेलत होता. यावरचा तोडगा जुना आहे. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला हंबकर नावाचा पिकअप घ्या. त्यातली दोन वेटोळी बाहेरचा गोंगाट उलटसुलट पकडतात आणि तो आपसात फिटतो. माझी गिटार मात्र एकेरी वेटोळ्यांची, आणि मला तिचा तोच आवाज आवडतो.

करकरीचा उगम शेवटी पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये सापडला. गोल बटणाचा, विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून पंखा हळू करणारा. पंखा बंद केला की शांतता, किंवा पूर्ण जोरात सोडला की जवळपास शांतता. मे महिन्यात पहिला पर्याय बाद. म्हणून हल्ली पंखा पाचवर ठेवून वाजवतो आणि कॉर्ड लिहिलेली वहीची पानं सारखी उडतात. त्यांच्यावर मल्टीमीटर ठेवलाय, बॅटरी नसलेला.