सदतीस बोरं

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत साताऱ्यात माझी रोज एक-दोन तरी बोरन्हाणं असतात. मूल पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या. भोवतालची पोरं वेचायला तुटून पडली की उत्सवमूर्ती एकतर भोकाड पसरते, नाहीतर स्वतःच वेचायला पळते. त्याच्या आधीच्या दोन सेकंदांत फोटो मिळाला तर मिळाला.

हा मुलगा चार वर्षांचा होता. काळा कुर्ता, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात हलव्याचीच मुरली. एक फ्रेम अशी लागली की वरून बोरं पडतायत आणि हा तोंड उघडं टाकून वर बघतोय. त्याची आई म्हणाली, "दादा, हा सगळा ब्लॅक अँड व्हाइट करा, फक्त बोरं लाल ठेवा. बाबांच्या पंचाहत्तरीला फ्रेम करून द्यायचीय."

सिलेक्टिव्ह कलर हा प्रकार मला आवडत नाही. मीही एकेकाळी खूप केलाय. राखाडी बाळ आणि लाल फुगा, राखाडी जोडपं आणि लाल गुलाब. ते अल्बम कुणी काढले की मी चहा सांगायला बाहेर जातो. पण इथे कपडे काळे, दागिने पांढरे, म्हणजे फोटो मुळातच अर्धा कृष्णधवल होता. म्हटलं, करून बघू.

काम दिसतं तेवढं सोपं नसतं. वर ब्लॅक अँड व्हाइटचा लेयर टाकायचा, त्याच्या मास्कवर काळा ब्रश फिरवायचा, की तिथला रंग परत येतो. पण लाल रंग म्हणून एकदम निवडायला गेलं तर बोरांबरोबर ओठ, गाल, कानाच्या पाळ्या, तळहात सगळे पकडले जातात, कारण आपल्या कातडीत लाल-नारिंगीच असतो. राखाडी तोंडावर गुलाबी ओठ उरले की मूल लिपस्टिक लावल्यासारखं दिसतं. म्हणून हातानं, बोरामागून बोर. मोजली, सदतीस निघाली. वडील मॅट कागदाच्या फोटोंवर कापसाच्या बोळ्यानं गाल रंगवायचे, त्यांची आठवण झाली. त्यांचं निदान दुपारभरात व्हायचं. माझी रात्र गेली. शेवटी बोरं जरा विटकरी वाटली, म्हणून रंग किरमिजीकडे ढकलला आणि थोडा गडद केला. मला स्वतःलाच फोटो आवडला, हे कबूल करतो.

फ्रेम द्यायला मीच घरी गेलो. आजोबांनी ती उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. "झकास. अगदी आमच्या वेळच्या फोटोसारखा." मग लेकीकडे बघून, "पण तू तर म्हणालीस, त्यात रंग आहे म्हणून?"

ती हसली. मग गप्प झाली. "बाबा, बोरं लाल आहेत."

"असतील की."

मग त्यांनी सांगितलं. १९७० च्या सुमाराला रेल्वेत इंजिनावर जायचं होतं. मेडिकलला ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या. पहिल्या पाटीवरचा आकडा दिसला, पुढे नुसतेच ठिपके. घरी परत आले आणि प्राथमिक शिक्षक झाले. "वह्या लाल पेननं तपासायच्या," ते म्हणाले. "लाल कुठला ते कळावं म्हणून त्याचं टोपण चावून ठेवायचो." बोरंही ते दाबून बघूनच घेतात, रंगावर जात नाहीत. लेकीला यातलं निम्मं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

स्टुडिओत आल्यावर फाइल उघडली. फोटोशॉपमध्ये 'व्ह्यू'खाली 'प्रूफ सेटअप' असतं, त्यात रंगांधळ्या माणसाला चित्र कसं दिसेल ते बघायचे दोन पर्याय आहेत, प्रोटॅनोपिया आणि ड्युटेरॅनोपिया. इतकी वर्षं त्या मेनूत जातो, छपाईच्या रंगासाठी. त्या दोघांवर कधी क्लिक केलं नव्हतं. प्रोटॅनोपिया लावलं आणि माझी बोरं विझली. सदतीसच्या सदतीस. काळ्या कुर्त्यावर काळपट, राखाडी पडद्यावर राखाडी. या प्रकारात लाल मुळात काळपट दिसतो, त्यात मी हौसेनं किरमिजी केलेला. तसा लाल त्यांना जवळजवळ राखाडीच दिसतो. विटकरी राहू दिला असता तर कदाचित थोडा तरी पोचला असता. सिलेक्टिव्ह कलर म्हणजे 'इथे बघा' असं बोट दाखवणं, आणि ज्याच्यासाठी दाखवलं त्यालाच बोट दिसलं नव्हतं.

पडद्याला टाचलेला एक निळा पतंग मुलाच्या कानाजवळून तिरका गेला होता. आधी तो मी कापणारच होतो. मास्क पुसला आणि फक्त पतंग निळा ठेवला. प्रूफ लावूनही निळा निळाच राहिला. ही प्रत पैसे न घेता दिली. आजोबांनी ती हातात घेतली आणि थेट पतंगावर बोट ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

दारापर्यंत सोडायला आलेल्या ताईंनी हळूच विचारलं, "याचंही तसंच असेल का?" मी फोटोग्राफर, डॉक्टर नाही. पण तोवर वाचून ठेवलं होतं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. वडिलांना असला की मुलीकडे तो जातोच, तिला बहुधा त्रास नसतो, आणि तिच्या मुलाला असण्याची शक्यता निम्मी. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं. डॉ. इशिहारांनी १९१७ साली काढलेल्या त्या पाट्यांमध्ये आकडे न येणाऱ्यांसाठी नागमोडी रेघाही असतात, त्यावरून बोट फिरवायचं.

जूनमध्ये त्या स्टुडिओत आल्या.

"फिरवलं का बोट?"

"फिरवलं की. एका पाटीवर नीट. बाकीच्यांवर कुठंही."

मग पर्स उघडत म्हणाल्या, "पतंगाची अजून एक प्रत काढा. लहान साइझची. त्याच्या टेबलावर ठेवायला."