अंगणातल्या पेव्हरचा अंदाज: आधी खड्डा मोजा, ब्लॉक नंतर

इथे अमेरिकेत घरामागच्या अंगणात पेव्हरचा (काँक्रीटच्या ब्लॉकांचा) पॅटिओ, म्हणजे बसण्याची फरसबंद जागा, करणं हे पुष्कळदा घरमालकच अंगावर घेतो. मजुरी महाग, म्हणून मालाचा अंदाजही त्यालाच काढावा लागतो. तिकडे सोलापुरात जुळे सोलापूर, होटगी रोड भागातल्या बंगल्यांपुढे असंच काम होतं, पण तिथे अंदाज ‘स्क्वेअर फुटाला इतके’ एवढ्यावर संपतो. त्या भावात ब्लॉक दिसतो, त्याच्या पोटात काय घातलंय ते दिसत नाही. आणि पेव्हर खचतो तो बहुतेक वेळा खालच्या थरामुळेच.

घराच्या भिंतीला लागून २० बाय १५ फुटांची जागा धरू. आखणी झाली की दोन्ही कर्ण मोजा. बरोबर २५ फूट भरले तर कोपरे काटकोनात आहेत. ब्लॉक ३०० चौरस फुटांवर बसतील, पण खडीचा थर उरलेल्या तीन बाजूंना सहा-सहा इंच बाहेर हवा, नाहीतर कडेचे ब्लॉक आधी सुटतात. म्हणजे खड्डा २१ बाय साडेपंधरा, सुमारे ३२५ चौरस फूट.

इथली रीत अशी: चालण्यापुरत्या जागेला ६ इंच दाबलेली खडी (बारीक-मोठी मिसळलेली, तिकडे रस्त्याखाली घालतात त्या जीएसबीसारखी), वर १ इंच वाळू, त्यावर ६० मिलिमीटरचा ब्लॉक. खडी दाबून १६३ घनफूट हवी. सैल माल दाबल्यावर बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरा: २०३ घनफूट, म्हणजे २ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). इथे माल घनयार्डात किंवा टनात विकतात, एका ब्रासचे ३.७ घनयार्ड होतात. सहा इंच एकदम ओतून धुमस मारली तर वरचे दोन-तीन इंचच घट्ट होतात. दोन थर करा, प्रत्येक थर किंचित ओला करून प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबायचं यंत्र) फिरवा.

आता सोलापूरचा खरा प्रश्न, काळी माती. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून माती वर उचलली जाते. सोलापूरची काळी माती बर्फाशिवाय तेच करते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ६ इंच खडी पुरणार नाही. आणखी ९ इंच माती काढून चांगला मुरूम भरा, आणि माती व भराव यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, म्हणजे चिखल खडीत चढत नाही. हा मुरूम सैल मोजून ३ ब्रास लागतो. खडी, वाळू आणि ब्लॉक मिळून होणारी खड्ड्याची खोली साडेनऊ इंचांवरून साडेअठरावर जाते, खोदाई ५ ब्रास होते, आणि उकरलेली माती फुगून साडेसहा ब्रास भरते. ती उचलून टाकण्याचा खर्च अंदाजात हमखास राहून जातो.

वाळू ३०० चौरस फुटांवर १ इंच म्हणजे २५ घनफूट. नासधूस धरून ३० मागवा. खडीतले खड्डे वाळूने भरू नका. जिथे वाळू जाड, तिथेच वर्षभरात खोलगा पडतो. वाळूऐवजी कच किंवा डस्ट वापरायची सवय आहे, तीही टाळावी: त्यातली बारीक भुकटी पाणी धरून ठेवते आणि ब्लॉक हलायला लागतात.

ढाळ भिंतीपासून बाहेर, फुटाला पाव इंच. १५ फुटांत पावणेचार इंच. हा ढाळ खड्ड्याच्या तळालाच द्या. तळ सपाट ठेवून वर ढाळ काढला तर एका बाजूला खडी कमी पडते आणि सगळा हिशेब चुकतो.

ब्लॉक मोजताना माप नीट पाहा. ८ बाय ४ इंचाचे चौरस फुटाला साडेचार, म्हणजे १३५०. २०० बाय १०० मिलिमीटरचे चौरस मीटरला ५०, म्हणजे सुमारे १३९५. सरळ मांडणीला ५ टक्के जास्त, ४५ अंशांतल्या तिरप्या मांडणीला १० टक्के, कारण कडेला प्रत्येक ब्लॉक कापावा लागतो. सगळे एकाच लॉटचे घ्या, आणि लावताना तीन-चार थप्प्यांतून आलटून-पालटून उचला, रंगाचे पट्टे दिसत नाहीत. वीस-पंचवीस ब्लॉक कायमचे बाजूला ठेवा. पुढे तोच रंग मिळेलच असं नाही. भारतीय मानक हवं असेल तर आयएस १५६५८ नुसार माल मागा.

कडेला तीन बाजूंनी मिळून ५० फूट आधार लागतो. इथे प्लास्टिकची पट्टी लांब खिळ्यांनी ठोकतात. तिकडे ४ बाय ४ इंचाचा काँक्रीटचा बांध स्वस्त, दीड पोतं सिमेंट पुरतं.

खोदण्याआधी इथे ८११ वर फोन केला की जमिनीखालच्या गॅस-विजेच्या सार्वजनिक लाइनी कुठून जातात ते जमिनीवर रंगाने फुकट आखून देतात. तिकडे निदान नळाची आणि ड्रेनेजची पाइप कुठून जाते ते घराच्या जुन्या गवंड्याला विचारून घ्या.

माल आला की ट्रॉली रिकामी करण्याआधी टेप लावा. आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत, गुणाकाराला १०० ने भागा, ब्रास निघतात. मधे ढीग आणि कडेला खोलगा असेल तर तो आधी सपाट करायला लावा आणि मगच उंची घ्या.