पाठमोरा शेंप: थ्री स्टूजेसचे शेवटचे लघुपट

थ्री स्टूजेस या अमेरिकन विनोदी त्रिकुटाचे कोलंबिया स्टुडिओतले शेवटचे लघुपट बघताना आधी शेंपकडे लक्ष ठेवा. तिघांपैकी एक असलेला शेंप हॉवर्ड नोव्हेंबर 1955 मध्ये वारला, तरी त्यानंतर बनवलेल्या 1956 च्या चार लघुपटांत तो दिसतो. युक्ती साधी होती. 1949 च्या लघुपटांतली दृश्यं उचलायची, उरलेल्या दोघांचे, मो आणि लॅरीचे, नवे तुकडे चित्रित करायचे आणि शेंपच्या जागी जो पाल्मा या नटाला उभं करायचं. पाल्मा बहुतेक वेळा पाठमोरा असतो, नाहीतर त्याचा चेहरा कशाने तरी झाकलेला असतो.

त्या चारांपैकी ‘स्कीमिंग स्कीमर्स’ आणि 1949 चा ‘व्हॅगाबाँड लोफर्स’ लागोपाठ बघा. नळदुरुस्तीचा गोंधळ तोच आहे. जुन्या तुकड्यांत शेंपचा चेहरा जवळून दिसतो, नव्यात तिघे एकत्र आले की पाल्मा वळतो किंवा निघूनच जातो. मो आणि लॅरीच्या चेहऱ्यांवर मधली सात वर्षंही दिसतात. विनोद तिथेच अडखळतो, कारण मारामारीची लय तिघांच्या नजरानजरेवर उभी असते. मोने हात उचलला की शेंपचा चेहरा आधीच घाबरायचा. पाठमोऱ्या माणसाकडून ते कसं मिळणार?

मग शेंपच्या जागी तिसरा म्हणून जो बेसर आला. त्याचे सोळा लघुपट आहेत, शेवटचा 1959 मध्ये प्रदर्शित झाला. फार मार खायचा नाही, ही त्याची अट. त्यामुळे चापट्या लॅरीकडे सरकल्या. बेसरचा लाडावलेला, रुसका स्वभाव वेगळा विनोद म्हणून मला खरंच आवडतो, पण मोचा राग त्याच्यावर पूर्ण कोसळत नाही आणि प्रसंग अर्धवट वाटतो.