एका ऑइल सीलसाठी गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवला

सिलिंडरचं बोरिंग झालं, रिंग-पिस्टन बसले, वडिलांच्या मारुती ८०० चं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. आठवड्याच्या आत कात्रजच्या घाटात क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी चढत नाही, जळका वास. घरी आल्यावर फरशीवर तेलाचा डाग, बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली.

गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, नवीन काम आहे, थोडं पाझरणारच." अजिबात नाही. नव्या ऑइल सीलमधून (फिरत्या शाफ्टभोवतीची, तेल अडवणारी रबरी कडी) एक थेंबही यायला नको. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला लावला आणि शेजारी उभा राहिलो. क्लच प्लेट तेलाने चिंब. फ्लायव्हील निघाल्यावर क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचा, सील दिसला: एका बाजूने आत गेलेला, दुसरीकडे वर, कडेवर स्क्रूड्रायव्हरचे घाव. काढून उलटा केला तर लिपमागची (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेमागची) बारीक स्प्रिंग जागेवरून निसटलेली. लिपला शाफ्टवर आवळून धरते ती हीच. एकाच बाजूला ठोकलं की ती उडते आणि बाहेरून काही कळत नाही. एवढ्याशा घाईपायी माझे चार दिवस आणि नवी क्लच प्लेट गेली. अजून राग जात नाही.

दुसरा सील मी स्वतः बसवला. पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाताना जुना सोबत नेला. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बहुतेकदा त्याच्यावरच छापलेली असते. क्रँकवर जुन्या लिपची रेघ होती, पण नखाला अडकत नव्हती, म्हणून बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून भागलं. अडकली असती तर सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवून लिप कोऱ्या जागेवर आणावी लागली असती. लिपला इंजिन ऑइलचं बोट लावलं (टेफ्लॉनचा सील असेल तर तो कोरडाच बसवायचा), स्प्रिंगची बाजू इंजिनच्या आत. सीलच्या बाहेरच्या कडेवर नेमका टेकेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा सरळ कापून घेतला होता. त्यावर हलके ठोके, आणि दर दोन ठोक्यांनंतर चारही बाजूंनी व्हर्नियरने खोली मोजायची. वीस मिनिटं लागली. चारही मापं एकसारखी आली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

हे आधी सांगायला हवं होतं: ब्रीदरची नळी (इंजिनमधला दाब बाहेर सोडणारी) साफ करून घ्या. ती चोंदली की इंजिनमधला दाब सीलवरच येतो. माझी काळ्या चिखलाने भरली होती.

गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवलाय. दीड महिना झाला, सिंहगडचा घाटही चढून आलो. पुठ्ठा कोरडा आहे.