गच्चीवरच्या टेबल-खुर्च्यांची पावसाळी झाकपाक

आज गच्चीवरचं टेबल आणि खुर्च्या पावसाळ्यासाठी झाकून झाल्या. निळी ताडपत्री स्वस्त पडते खरी, पण उन्हाने तिचे धागे सुटतात आणि भुगा सगळीकडे पसरतो. त्यापेक्षा आतून कोटिंग असलेलं ६०० डेनियर (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टरचं कव्हर बरं. घेताना उलटं करून बघा, शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. पाणी शिरतं ते सुईच्या भोकांतून.

माप लांबी-रुंदीत ५ सेंमी जास्त धरा, उंचीत मात्र ८-१० सेंमी कमी. कव्हर जमिनीला टेकलं की आतली दमट हवा कोंडते आणि पावसाचा थेंब न शिरताही लाकडाला बुरशी धरते. ओलं फर्निचर तर झाकूच नका.

टेबलावर मधोमध बादली पालथी ठेवा, नाहीतर खळग्यात पाणी साचून शिवण उसवते. लोखंडी पायांचा गंज आधी पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारा. गाद्या घरातच. नुसत्या इलॅस्टिकवर विसंबू नका, कव्हरचे बंद टेबल-खुर्च्यांच्या पायांना बांधा. वारा खालून शिरला की कव्हर थेट शेजाऱ्यांच्या गच्चीवर! श्रावणात उघडीप मिळाली की कव्हर काढून सगळ्याला तासभर ऊन दाखवा.