पांढऱ्या सॉसमधील भाज्या आणि खरवड

कोल्हापुरात पांढरे म्हटले की डोळ्यांसमोर पांढरा रस्साच येतो. त्यामुळे व्हाइट सॉसमधील बेक्ड भाज्या पहिल्यांदा वाढल्या, तेव्हा आईने एक घास खाऊन "ह्यात चटणी घालायची ऱ्हायली व्हय गं?" असे विचारले, याचे मला नवल वाटले नाही. (आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) खरी चूक निराळीच होती. उकडलेला फ्लॉवर मी ओलाच सॉसमध्ये टाकला होता, आणि त्याचे पाणी सुटून वर चीज व खाली पांढरे पाणी अशी त्या पदार्थाची गत झाली होती.

आता मी फ्लॉवर, गाजर, फरसबी आणि मटार मिळून 600 ग्रॅम भाज्या मिठाच्या पाण्यात अर्ध्याकच्च्या उकडते, चाळणीत निथळते आणि सुती पंचावर पसरून चांगल्या कोरड्या होऊ देते. टोमॅटो मात्र घालत नाही, कारण त्याच्या आंबटपणाने दूध फाटण्याची भीती असते.

सॉससाठी 30 ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतावा. कच्चा वास जावा, पण रंग बदलू नये. मग 500 मिली दूध थोडेथोडे ओतत सतत घोटावे. उकळी येईपर्यंत मैद्यातील स्टार्च पुरता फुलत नाही, म्हणून सॉस पातळ दिसला तरी घाईने आणखी मैदा घालू नये. पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मोडली नाही, की गॅस बंद करावा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात वेगळे क्रीम विकत आणण्याचे कारण मला तरी दिसत नाही. मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ एवढेच पुरे.

भाज्या सॉसमध्ये कालवून, वर ब्रेडचा चुरा आणि किसलेले चीज पसरून, 200 अंशांवर 20 ते 25 मिनिटे भाजावे. फ्रेंच लोक या प्रकाराला 'ग्रातँ' म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ 'खरवडणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. हे आईला सांगितल्यावर, दुधाच्या पातेल्यातली खरवड चमच्याने काढून खाण्यात जिचे बालपण गेले, तिने चटणीचा विषय सोडला आणि भांड्याच्या कडेला धरलेला तांबूस पापुद्रा उलथन्याने सोडवायला घेतला.