तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांविषयी तसं का लिहिलं

वडिलांविषयी तसं लिहायलाच हवं होतं का? वाचनालयातल्या कार्यक्रमानंतर, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. विचारणाऱ्यांनी माझ्या पुस्तकातलं ते प्रकरण वाचलेलं असतंच. १९६९ चा गोदावरीचा पूर, नाशिकच्या भांडी बाजारातलं आमचं दुकान, मागच्या खोलीत जिना चढू न शकणारी आजी, आणि तिच्या आधी गिऱ्हाइकांची भांडी माडीवर नेणारे अण्णा. म्हणून पूर पुन्हा सांगत बसत नाही.

मी जिन्यात उभी होते. अण्णा खालून देत होते, मी आणि दादा वर घेत होतो. कल्हईला आलेली पातेली, डाग द्यायला आलेला बंब, एक तांब्याची घागर. आईच्या हातातल्या कंदिलाच्या उजेडात घागरीच्या गळ्याखालचं ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव दिसलं, ते परक्या बाईचं होतं. तेवढ्यात आजीची हाक आली, "अरे, पाणी खाटेला लागलं." अण्णा "आलो" म्हणाले आणि अजून दोन पातेली दिली. मग आजीला पाठीवर घेऊन आले. यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही.

तिशीत असताना एका दिवाळी अंकात मी हाच पूर लिहिला होता. नदीकाठी ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते सगळं त्यात होतं, आजी नव्हती. तेव्हाची मी आजही मला सुनावते: अण्णा रोज गल्ल्यावर बसतात, चार लोकांना तोंड दाखवतात, जरा धीर धर. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण २००८ च्या सप्टेंबरात पुन्हा पाणी बाजारात शिरलं आणि दुकानदार माल वर चढवताना पाहिले, तेव्हा मालाकडे माझं लक्षच नव्हतं. आत कोण राहिलंय, एवढंच मी शोधत होते. अण्णा तोवर गेले होते. त्या रात्री लिहायला बसले.

पुस्तक आल्यावर सिन्नरहून आत्या आली. ऐंशी उलटलेली. पान दुमडून आणलं होतं. म्हणाली, "चष्म्यानं नीट दिसत नाही गं, तू वाच." मी वाचलं. हाकेपाशी तिनं हात वर केला.

"आईनं हाक मारली होती?"

"हो."

"किती वेळा?"

"मला एकदाच ऐकू आली."

ती पदराच्या काठाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मला सासरी कुणी सांगितलं नाही. पुरानंतर भेटायला आले, तेव्हा भाऊ म्हणाला, सगळं नीट झालं, आईला लगेच वर नेलं."

स्वयंपाकघरातून आई पुढे आली. "सासूबाईंनीच सांगितलं होतं त्यांना. आधी लोकांचं उचल, विश्वासानं ठेवलंय म्हणाल्या."

आत्यानं आईकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "तू ऐकलंस?"

मी नाही ऐकलं. तसं सांगितलं. आई आत निघून गेली. आत्या चहा न घेता उठली. त्यानंतर ती फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, पुस्तकाचं नाव काढत नाही.

तेव्हा, हवं होतं का? आत्याचा चेहरा आठवला की वाटतं, नको होतं. पण अण्णांवर माझा जीव होता, तो ह्याच अण्णांवर. परक्या बाईच्या घागरीसाठी पाण्यात उभा राहणारा आणि स्वतःच्या आईला "आलो" म्हणून थांबवणारा माणूस एकच होता. त्यातला अर्धा वगळून उरलेल्याला हार घालणं मला जमत नाही. आजी खरंच तसं म्हणाली असेल, तर अण्णांनी तिचं ऐकलं. नसेल, तर नाही. जिन्यातून मला ते कळलं नाही, आणि आता सांगणारी एकटी आईच आहे.

दुसऱ्या आवृत्तीत आईचं म्हणणं तिच्या नावानं घालतेय. आत्याला आधी विचारीन. हाक मात्र आहे तिथेच राहील.